कोल्हापुरात लॉन बाउल्सचा क्लब काढताय? पैसा, जागा आणि पाठबळ असं उभं करा

कोल्हापुरात खेळाला पैसा मिळत नाही, हे मला पटत नाही. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या तालमी वर्षानुवर्षं फुटबॉलचे संघ चालवतात, ते काही एखाद्या बड्या कंपनीच्या जिवावर नव्हे. गुजरीतला सराफ, उद्यमनगरातला लेथवाला, कोपऱ्यावरचा चहावाला, नोकरीसाठी पुण्याला गेलेला पेठेतला पोरगा, सगळ्यांचा त्यात हातभार असतो. का असतो? कारण त्यांनी तो खेळ शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि खेळणारी पोरं त्यांच्या ओळखीची असतात.

लॉन बाउल्सकडे नेमकं हेच नाही. आपल्याकडे हा खेळ कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे क्लब काढणारे बहुतेक जण करतात तसं आधी मोठा प्रस्ताव लिहून कारखान्याच्या दारात गेलात, तर हात हलवत परत याल. आधी लोकांना खेळ दिसला पाहिजे, मग कागद, मग जागा आणि सगळ्यात शेवटी मोठा पैसा. पुढच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमानं लावल्या आहेत.

खेळ एका दमात सांगता आला पाहिजे

मॉलमध्ये दहा पिना पाडतात, तो हा खेळ नाही. इथे सपाट हिरवळीवर किंवा कार्पेटवर आधी एक छोटा चेंडू सोडतात, त्याला जॅक म्हणतात. मग आपले मोठे बाउल्स घरंगळवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्याचा बाउल जवळ, त्याला गुण. गंमत अशी, की बाउल पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू वेगळी घडवलेली असते, म्हणून तो सरळ जातच नाही, वळतो. या वळणाला बायस म्हणतात आणि सगळी कला त्यातच आहे.

दात्यांना सांगायला आपल्याकडे एक भक्कम गोष्ट आहे. २ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. पुरुषांच्या चौकडीनं त्याच स्पर्धेत रौप्य आणलं. या चौघींमधल्या नयनमोनी आधी वेटलिफ्टिंग करायच्या आणि रूपा राणी कबड्डी खेळायच्या. हे वाक्य पेठेत जरूर सांगा. गुडघ्याचं लिगामेंट गेलं म्हणून फुटबॉल सुटलेले, खांदा गेला म्हणून आखाडा सुटलेले किती जण आपल्याकडे आहेत! त्यांच्या अंगात स्पर्धेची सवय असते, नजर असते, फक्त धावणं बंद झालेलं असतं. हा खेळ त्यांच्यासाठीच आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: सात माणसं आणि एक गुंडाळता येणारी मॅट

पूर्ण मैदानाचा विचार सध्या बाजूला ठेवा. नियमाप्रमाणे लॉन बाउल्सचं ग्रीन ३१ ते ४० मीटर लांबीचं असतं. ४० बाय ४० मीटर धरलं तर जवळपास १६ गुंठे जागा झाली, तीही पूर्ण सपाट. शहरात १६ गुंठे कोण देणार? एका रिंकपुरतं, म्हणजे एक सामना खेळायच्या पट्ट्यापुरतं, ४० मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद धरलं, तर दोन गुंठ्यांत काम होतं. त्याहून सोपी वाट म्हणजे शॉर्ट मॅट. साधारण १२ ते १४ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद अशी ही मॅट शाळेच्या हॉलमध्ये किंवा रिकाम्या मंगल कार्यालयात अंथरता येते आणि खेळ झाला की गुंडाळून ठेवता येते. जुलै-ऑगस्टमधल्या आपल्याकडच्या पावसात घराबाहेरचं ग्रीन तसंही बंदच राहील. पहिली दोन वर्षं मॅटवरच काढावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाउल्स चारच्या संचात येतात. एका बाउलचं वजन जास्तीत जास्त १.५९ किलो असतं आणि व्यास साधारण ११६ ते १३१ मिलिमीटरच्या दरम्यान. हाताच्या मापाप्रमाणे आकार घ्यावा लागतो, म्हणून सगळे संच एकाच मापाचे मागवू नका. बायकांना आणि मुलांना लहान माप लागतं. नवे संच महाग पडतात, पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड इथे हा खेळ घरोघरी असल्यानं वापरलेले संच तिकडे सहज विकत मिळतात. तिकडे कुणाचा भाचा, जावई असेल तर येताना आणायला सांगा. विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत तीन संच बसतात. मात्र बाउलवर कोरलेला अधिकृत शिक्का आणि त्यावरचं साल आधी फोटोत पाहून घ्या, कारण शिक्क्याची मुदत संपलेला संच सरावाला चालतो, पण स्पर्धेत अडवला जाऊ शकतो.

माणसं सातच का? संस्था नोंदवायला किमान सात सदस्य लागतात म्हणून. ते सातही एकाच घरातले किंवा एकाच गटातले नकोत. दोन बायका, एखादा निवृत्त शिक्षक, एखादा अकाउंटचं काम जाणणारा आणि निदान एक पंचविशीच्या आतला, अशी जोडणी बसवा.

दुसरी पायरी: आधी खेळून दाखवा

पत्र लिहिण्याआधी चार-सहा रविवार उघड्या दारानं खेळ चालू ठेवा. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, कॉलेजची पोरं, जवळच्या सोसायटीतल्या बायका, सगळ्यांना बोलवा. आलेल्या माणसाला बाकावर बसवून माहिती सांगत बसू नका. त्याच्या हातात बाउल द्या. बाउलच्या दोन्ही बाजूंना गोल खूण असते, त्यातली लहान खूण आतल्या बाजूला धरायची. मग सांगा, जॅकवर नेम धरू नका, दोन-अडीच फूट बाहेर सोडा. बाउल निघतो, सरळ चाललाय असं वाटतं, बघणारा म्हणतो, ‘गेला वाया.’ आणि मग वेग उतरायला लागला की तो आत झुकतो, झुकत झुकत जॅकच्या जवळ येतो. त्या क्षणी माणूस दुसरा बाउल स्वतःहून उचलतो. तुमच्या प्रस्तावाची दहा पानं जे करू शकणार नाहीत, ते हा एक बाउल करतो.

येणाऱ्याचं नाव, वय, फोन नंबर एका वहीत लिहून घ्या. ही वही पुढे सोन्याच्या मोलाची ठरते. ‘आमच्याकडे लोक येतात’ या वाक्याला पुरावा तोच. प्रत्येक रविवारचे दोन फोटो तारखेसह जपा.

उचगावच्या हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्डसारख्या संस्थांशी याच टप्प्यावर बोला. राष्ट्रकुल स्पर्धांत दिव्यांग खेळाडूंच्या बाउल्सच्या स्पर्धा होतात. या खेळात चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि धडधाकट माणूस एकाच मॅटवर खेळू शकतात, आजोबा आणि नात एकमेकांविरुद्ध खेळू शकतात. हे निधीसाठी वापरायचं भांडवल म्हणून करू नका, खरोखर करा. मग ते अर्जात आपोआप येतं.

तिसरी पायरी: नोंदणी

इथे लोक कंटाळतात, पण कंटाळून चालणार नाही. महाराष्ट्रात क्लबसाठी रुळलेली वाट अशी: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास, दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयातून होतात आणि ते कार्यालय कोल्हापुरातच आहे. संस्थेची घटना, पहिल्या सभेचं इतिवृत्त, सदस्यांची ओळखपत्रं, कार्यालयाच्या पत्त्यासाठी लाइट बिल आणि जागामालकाचा ना हरकत दाखला लागतो.

घटना दुसऱ्या मंडळाची झेरॉक्स करून चिकटवू नका. त्यातली उद्दिष्टं नीट लिहा: खेळाचा प्रसार व प्रशिक्षण, महिला, ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी उपक्रम, स्पर्धा भरवणं, साहित्य व जागा घेणं. सदस्यत्व कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला खुलं आहे असं स्पष्ट असू द्या, कारण एकाच समाजासाठी असलेल्या संस्थेला पुढे आयकराची सवलत अडते. संस्था बंद पडली तर मालमत्ता तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे कलमही हवंच.

नोंदणीपाठोपाठ पॅन, बँक खातं आणि मग आयकर विभागाकडची नोंदणी. लोक जिला ‘१२ए’ आणि ‘८०जी’ म्हणून ओळखतात ती. पहिली संस्थेच्या उत्पन्नाला सूट देते, दुसरी दात्याला. इथे सीए गाठा. पेठेत एखादा सीए ओळखीचा निघतोच आणि लहान क्लबचं काम बरेच जण मामुली फीमध्ये करतात. बँकेत कुठल्याही व्यवहारावर दोन सह्या बंधनकारक ठेवा, अध्यक्ष आणि खजिनदार सख्खे भाऊ असले तरी.

याच सुमारास राज्य संघटनेशी संलग्नतेचा अर्ज करा. देशात लॉन बाउल्सचा कारभार बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहे. राज्याची संघटना म्हणून जी पुढे येईल, तिचं नाव फेडरेशनच्या यादीत आहे का ते पाहा आणि फेडरेशनला त्या वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का तेही पाहा. संलग्नतेच्या नावाखाली पैसे भरण्याआधी ही दोन्ही कागदपत्रं डोळ्यांनी बघा.

चौथी पायरी: वर्गणी, आणि तिची पावती

पहिला पैसा स्वतःचा. सदस्यांची मासिक वर्गणी ठेवा, कितीही कमी असो, पण दर महिन्याला आणि खात्यात. बाहेरचा दाता पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘तुम्ही किती घातले?’

संस्था नोंदवण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. नोंदणी झाली की पावती पुस्तक छापा. पावतीवर अनुक्रमांक, संस्थेचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, पॅन, दात्याचं नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की ऑनलाइन, आणि ‘कशासाठी’ असा रकाना पाहिजे. शेवटचा रकाना बहुतेक मंडळं छापत नाहीत. तो छापाच. ‘मॅटसाठी’ म्हणून दिलेले पैसे चहापाण्यात गेले नाहीत, हे दाखवायची हीच जागा आहे. स्थळप्रत फाडायची नाही, रद्द पावतीही पुस्तकातच ठेवायची. ८०जीची सवलत हवी असलेल्या दात्याला २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीनं देऊ देऊ नका, कारण त्यापुढच्या रोख रकमेला सूट मिळत नाही.

कधी मागायचं हेही कोल्हापुरात कळलं पाहिजे. गणपती-नवरात्राच्या आसपास दुकानदार मंडळांच्या वर्गणीनं बेजार झालेला असतो, तेव्हा जाऊ नका. दिवाळी झाल्यावर जा. कागल, करवीर, हातकणंगलेच्या गावांत क्लब असेल तर उसाची बिलं जमा झाल्यावरचे दिवस बरे.

पाचवी पायरी: दुकानदार आणि कारखानदार

दाता लहान असो की मोठा, एका पत्रात एकच मागणी करा. आणि रक्कम नको, वस्तू मागा. असं काहीसं:

‘सप्रेम नमस्कार. आम्ही दर रविवारी सकाळी ७ ते ९ राजारामपुरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये लॉन बाउल्स खेळतो. सध्या आमच्याकडे बाउल्सचे दोनच संच आहेत. त्यामुळे एका वेळी दोघं खेळतात आणि बाकीचे वाट पाहत उभे राहतात. तिसऱ्या संचासाठी आपण मदत करावी, ही विनंती. कोटेशन सोबत जोडलं आहे. येत्या रविवारी सवडीनं यावं आणि एकदा खेळून पाहावं.’

बस्स. खेळाचा इतिहास नको, ‘युवा पिढीला व्यसनांपासून दूर’ वगैरे नको. पत्र स्वतः नेऊन द्या, कुरियरनं नको.

कारखान्याकडे जाताना दोन खिसे वेगळे ओळखा. एक जाहिरातीचा, दुसरा सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं कायद्यानं सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा. टी-शर्टवर नाव, मैदानावर बॅनर देऊन पैसे घेणार असाल तर ती जाहिरात झाली. जाहिरातीचा लाभ घेण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतात. म्हणून सीएसआरच्या अर्जात ‘आपला लोगो ठळक लावू’ असं लिहिलंत, तर तुम्हीच आपला अर्ज अडचणीत आणता.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे आधीच्या वर्षात ५०० कोटींची नक्त मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असेल तरी कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात नफ्याच्या कसोटीत बसणारे कारखाने आहेत. खर्चाच्या मान्य यादीत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांचं प्रशिक्षण येतं. लॉन बाउल्स ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून तुमचा आधार ‘राष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हा शब्द आहे. मंत्रालयाच्या यादीची प्रत जोडा आणि मागणी प्रशिक्षणाची ठेवा, क्लब हाउसच्या इमारतीची नको. त्याच यादीत ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सुविधा हीसुद्धा एक बाब आहे. तुमच्या वहीत साठीपुढची नावं जास्त असतील तर त्या वाटेनं अर्ज अधिक बळकट होतो.

पण नव्या क्लबला इथे एक भिंत आहे. कंपनीनं बाहेरच्या संस्थेमार्फत हा पैसा खर्च करायचा, तर त्या संस्थेकडे १२ए, ८०जी, सीएसआर-१ ही नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कालपरवा नोंदवलेल्या क्लबकडे तो नसतो. मग दोन वाटा उरतात: अनुभव असलेल्या जुन्या संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत उपक्रम चालवायचा, किंवा कंपनीनंच थेट मॅट-बाउल्स खरेदी करून उपक्रम राबवायचा. दरम्यान पहिल्या दिवसापासूनचा हिशेब आणि वार्षिक अहवाल जपा, तीन वर्षं तिथूनच मोजली जाणार आहेत.

सहावी पायरी: सरकारी दार

सुरुवात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून करा. राज्याच्या क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना तिथूनच राबवली जाते. पात्रतेचे निकष आणि रकमेच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय मागून घ्या आणि तो वाचूनच अर्ज भरा. विभागीय क्रीडा संकुलातला एखादा हॉल आठवड्यातून ठरावीक वेळ मिळाला, तर तीही मदत पैशाइतकीच मोलाची.

महापालिकेची शाळा किंवा बाग हवी असेल तर अर्ज आयुक्तांच्या नावे लिहा आणि गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयातही प्रत द्या. जागा नावावर मागू नका, वेळ मागा: ‘रविवारी सकाळी ७ ते ९.’ वेळ देणं अधिकाऱ्याला सोपं जातं. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

आमदार-खासदार निधीबद्दल एक गैरसमज सर्रास असतो. तो पैसा क्लबच्या खात्यात येत नाही. लोकप्रतिनिधी कामाची शिफारस करतात, जिल्हा प्रशासन मंजुरी देतं आणि काम सरकारी यंत्रणा करते. म्हणून तो निधी मॅट-बाउल्ससाठी धरू नका. सार्वजनिक जागेत सपाटीकरण, शेड, पाण्याची सोय अशा कामासाठी धरा. जागेची मालकी निर्विवाद असेल तरच फाइल हलते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत शिफारसपत्र घेऊन धावण्यात अर्थ नाही, पावसाळ्यातच बोलणी सुरू करा.

कायमच्या ग्रीनसाठी कुणी जागा देऊ केली, तर ती पूररेषेच्या आत आहे का ते सगळ्यात आधी पाहा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या घरातले लोक भिंतीवर बोट ठेवून सांगतील. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या पातळीला जिथे पाणी येतं तिथे कार्पेट टाकणं म्हणजे दात्यांचा पैसा नदीत सोडणं. गुंडाळलेली मॅटसुद्धा तळमजल्यावर ठेवू नका, पाण्यात भिजलेली मॅट वाळली तरी सपाट राहत नाही.

सातवी पायरी: पैसा आल्यानंतर

प्रत्येक दात्याला महिन्याभरात एका पानाचं पत्र जायला हवं: काय घेतलं, कितीला घेतलं, बिलाची प्रत, आणि त्या वस्तूवर कोण खेळतंय त्याचा एक फोटो. उरलेले रुपये किती आणि कुठे आहेत तेही लिहा. मंडळांकडून असं पत्र यायची सवय दात्यांना नसते, म्हणून ते लक्षात राहतं आणि पुढच्या वर्षी तोच दाता शेजारच्या दुकानदाराला घेऊन येतो.

मॅट वाढदिवसाला, कंपनीच्या कार्यक्रमाला भाड्यानं द्यायचा मोह होईल. थोडंफार चालतं, पण अशा व्यावसायिक उत्पन्नावर आयकराच्या दृष्टीनं मर्यादा आहे, एकूण जमेच्या २० टक्के. त्याआधी सीएला विचारा.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. आपल्याच देशात हा खेळ टीव्हीवर दिसायला लागेल, तेव्हा विचारणा वाढेल आणि प्रायोजकही येतील. तोवर तुमच्याकडे तीन वर्षांची ऑडिट झालेली खाती, संलग्नतेचं पत्र आणि भरलेली वही असली पाहिजे. त्यासाठी दरवर्षी एवढं कराच: सर्वसाधारण सभा घ्या, हिशेब वाचून दाखवा, ऑडिट वेळेत सादर करा, आणि कार्यकारिणी बदलली तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. त्याच आठवड्यात बँकेतल्या सह्याही बदलून घ्या, नाहीतर नव्या खजिनदाराला मंजूर झालेला पैसा काढता येत नाही.